मावशीचा फ्रेंड

मावशीच्या शिवणाच्या दुकानात एक जर्मन शिलाई मशीन होतं, पायानं चालवायचं आणि वयानं मावशीपेक्षाही मोठं. ते अजून तक्रार न करता टाके घालत होतं आणि त्याचं श्रेय मशीनकाकांचं. काकांचं दुरुस्तीचं दुकान मागच्या गल्लीत. दर शनिवारी ते तेलाची कुपी घेऊन यायचे, मशीनला तेल पाजायचे आणि मग अंधार पडेपर्यंत हलायचं नाव घ्यायचे नाहीत. मावशीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि काकांनी लग्नाच्या भानगडीत कधी पाऊलच टाकलं नव्हतं. आता धडधाकट मशीनला दर आठवड्याला एवढी कसली दुरुस्ती लागते, असं कुणी खोचकपणे विचारलंच, तर मावशी म्हणायची, "अहो, फ्रेंड आहेत ते माझे."

मित्र म्हटलं असतं, तर नातेवाइकांच्या भुवया पार केसांत गेल्या असत्या. फ्रेंड म्हटलं की विषय मिटायचा. त्या बिचाऱ्या इंग्रजी शब्दानं वर्षानुवर्षं दारात उभं राहून राखण केली होती.

मग जर्मनीतल्या एका शिवणयंत्रांच्या संग्रहालयानं त्या मशीनचा फोटो कुठेतरी पाहिला आणि मावशीला त्यांच्या सोहळ्याचं आमंत्रण धाडलं. सोबत कोण येणार तेवढं कळवा, म्हणजे राहायची सोय करता येईल, असंही विचारलं. मावशीनं इंग्रजीत उत्तर तयार केलं, की मी माझ्या फ्रेंडबरोबर येईन. पण पाहुणचार त्यांचा, तर भाषाही त्यांचीच हवी, असा तिचा हट्ट. म्हणून तिनं भाचीला कामाला लावलं.

भाची पंप, मोटारी असल्या यंत्रांची मॅन्युअलं जर्मनमध्ये करायची. तिची एक शिस्त होती. शंका आली की गिऱ्हाइकाला विचारायचं आणि काम संपलं की सगळं पुन्हा मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचं. या शिस्तीनं आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं, कारण पंपाला काही लागत नाही मनाला.

फ्रेंडपाशी ती अडली. 'माझा फ्रॉइंड' लिहावं, तर बाई आपल्या माणसाला घेऊन येतेय असं समजून ते लोक एकच खोली देणार. 'बेकान्टर', म्हणजे नुसता ओळखीचा, लिहावं, तर खोल्या दोन, कदाचित मजलेही दोन. तिनं शिस्तीप्रमाणे मावशीला विचारलं. मावशी एकदम काज करण्यात इतकी गढून गेली, की जणू त्या शर्टाचा मालक दारात उभा आहे.

"एवढं शिकलीस कशाला मग? बघ तूच काय ते," ती पुटपुटली.

भाचीनं सांभाळून घ्यायचं म्हणून बेकान्टर लिहिलं. इथवर ठीक होतं. पण शनिवारी काका मशीनखाली डोकं घालून बसलेले असताना या शहाणीनं शिस्तीप्रमाणे ते मोठ्यानं वाचून दाखवलं, "माझ्यासोबत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ येतील."

काकांनी डोकं बाहेर काढलं.

"ओळखीचे," ते म्हणाले. "बरोबर आहे. दूधवालाही ओळखीचाच असतो."

त्यांनी कुपीला बूच लावलं आणि चहा न घेता निघून गेले.

पुढच्या शनिवारी काका आले नाहीत. मशीन मात्र तेलाशिवायही झकास चाललं, आणि त्यामुळे तर मावशीचं आणखीच बिनसलं. तिनं एका कोटाला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. भाचीला स्वतःची फार चीड आली. मावशीचा चेहरा बघवत नव्हता. मग मावशीनं अचानक विचारलं, ते पाठवलंस का? भाची नाही म्हणाली.

"नको पाठवूस. चप्पल घाल."

काकांच्या दुकानाची पायरी मावशी कधीच चढली नव्हती, यायचे ते काकाच. आत एक गिऱ्हाईक बिघडलेला मिक्सर घेऊन उभं होतं. काकांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागले.

"खोल्या किती ते विचारलंय त्यांनी," मावशी म्हणाली.

"हव्या तेवढ्या सांगा. मला काय, कुठेही चालेल."

"मला एकच सांगायचीय. चुकलं माझं. लोक काय म्हणतील म्हणून मी तुम्हाला इतकी वर्षं फ्रेंड म्हणून खपवलं. तुम्ही आला नाहीत, तर शनिवार खायला उठला हो मला."

मिक्सरवाला मिक्सर पोटाशी धरून जिवाचा कान करून ऐकत होता. काकांचे कान लाल झाले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी घोरतो पण," ते हळूच म्हणाले.

"माहितीये मला," मावशी बोलून गेली, आणि मग घरी पोचेपर्यंत तिनं भाचीकडे एकदाही पाहिलं नाही.