हाताची घडी

“नाव सांग, बाळ,” बन्सीधर गुरुजी तिसऱ्यांदा म्हणाले.

बाळ त्यांच्या ओठांकडे पाहत होता. अंगात धुतलेला सदरा, कपाळावर आईने ओढलेले भस्माचे पट्टे, गळ्यातल्या दोऱ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. वालूरच्या नव्या मराठी शाळेचे प्रवेश चालू होते. शाळा भरणार होती आबासाहेबांच्या वखारीत. गेल्या सालापर्यंत तिथे कापूस रचलेला असे, आणि भिंतीच्या फटींतून सरकी अजून निघालेली नव्हती. टेबलामागे गुरुजी बसले होते. शेजारी, शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून, खुद्द आबासाहेब. समोर आपापल्या पोरांचे दंड धरून गावातले आईबाप.

“त्याला म्हालिंग म्हनत्यात,” त्याची आई मल्लम्मा मागून म्हणाली. ती गावातल्या मन्मथअप्पा किराणावाल्याची बायको.

“तुम्ही बोलू नका, बाई. मुलाला बोलू द्या. या शाळेत मुलं बोलणार आहेत. तिकडच्या सरकारी शाळेसारखी घोकणार नाहीत.”

ज्याचा प्रवेश नुकताच झाला होता तो आश्रुबा बाजूलाच उभा होता. त्याने कमरेपाशी हात ठेवून तीन बोटे आडवी फिरवली. भस्माचे पट्टे, म्हणजे महालिंग. मग तळहात उलटा केला. नाव विचारतायत.

“ए, हातवारे नकोत,” गुरुजी म्हणाले. “हाताची घडी घाल. तोंडावर बोट.”

आश्रुबाने घडी घातली, बोट ओठांवर ठेवले.

पण महालिंगला कळायचे ते कळले होते. त्याने पुढे होऊन टेबलावरची पाटी उचलली, मांडीवर टेकवली, लिहिले आणि गुरुजींना नीट वाचता यावे म्हणून त्यांच्याकडे फिरवून ठेवली. अक्षर घोटीव होते. उजवीकडून डावीकडे गेलेले होते. त्याने आपले नाव उर्दूत लिहिले होते.

लोक पाटीवर वाकले. मग मागून एका पोराचा बाप सटवाजी म्हणाला, “आक्का, सरकारी शाळंच्या मास्तरनं लेकरू बाटवलं की तुमचं,” आणि लोक हसले. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता; बहुतेक हसण्यांत नसतो.

हे असे का झाले, ते सांगणे आवश्यक आहे.

महालिंगला तिसऱ्या वर्षी ताप आला आणि जाताना ऐकणे घेऊन गेला. घरात ‘बहिरा’ हा शब्द उच्चारला जात नसे. ‘जरा कमी ऐकतंय’ असे म्हटले जाई. मन्मथअप्पांनी त्याचे भविष्य केव्हाच ठरवून टाकले होते. “दुकानात बसंल. तागडीला काय कान लागत्यात?” पण मल्लम्माला ते पटत नव्हते. गल्लीतली पोरे सकाळी निघून जात आणि हा उंबऱ्यात बसून राही, हे तिला पाहवत नसे. तिला मुलाने साहेब व्हावे असे वाटत नव्हते. त्याने चार पोरांत बसावे, एवढेच तिचे मागणे होते. म्हणून तिने त्याला शेजारच्या आश्रुबाच्या हाताला धरून सरकारी शाळेत पाठवले.

त्या काळी हैद्राबाद संस्थानातल्या सरकारी शाळेत शिकवणे उर्दूत चाले. ज्यांच्या घरी सात पिढ्यांत कोणी उर्दू बोलले नव्हते अशी पोरे तख्तीपुढे, म्हणजे लाकडी पाटीपुढे, बसवली जात आणि त्यांना काही येत नाही असा अहवाल वर जाई. इतिहासाच्या ग्रंथांत हा अन्याय म्हणून नोंदवलेला आहे, आणि तो अन्यायच होता. मात्र अन्यायाच्या घरातही एखादी खिडकी चुकून उघडी राहते. ग्रंथ तिची नोंद घेत नाहीत. घेतली तर प्रकरणाची मांडणी बिघडते.

या शाळेचे दस्तगीर मास्तर बीदरकडचे. ते थोर शिक्षक होते असा समज कोणी करून घेऊ नये. दुपारी ते डुलकी घेत, छडी सढळ हाताने वापरत, आणि मराठी शिकण्याची त्यांना हौस नव्हती. पण वर्गभर पोरांना त्यांना न कळणाऱ्या भाषेत शिकवायचे तर माणसाला हात हलवावे लागतात. पोटावर तळहात म्हणजे सुट्टी. बाहीने पुसल्याची खूण म्हणजे तख्ती धुऊन आणा. मिशीला पीळ म्हणजे इन्स्पेक्टर येणार. पोरांनी त्यात आपली भर घातली, आणि वर्षभरात त्या वर्गाची एक हातांची भाषा झाली. दौलताबादेपासून बीदरपर्यंत कोणत्याही दफ्तरात तिला नाव नव्हते. तिच्यात महालिंग सगळ्यांच्या पुढे होता, कारण दुसरी कोणतीही भाषा त्याच्या वाटेत येत नव्हती.

पोरे डोलत डोलत मोठ्याने घोकत, तेव्हा तोही डोले आणि ओठ हलवी. त्याच्या तोंडून काय निघते ते त्या कल्लोळात कोणाला कळणार? इतरांच्या तोंडून जे निघे ते त्यांना तरी कुठे कळत होते? फळ्यावरचे मात्र तो असे उतरवून घेई की इन्स्पेक्टरसाहेबांनी त्याची तख्ती वर धरून वर्गाला दाखवली होती. शाळा सुटल्यावर हरभऱ्याचे ढाळे चोरायला पोरे जात, तेव्हा राखणदाराच्या अंगावरून टोळी नेणारा म्होरक्या तोच असे. तो ओरडेल अशी भीती नव्हती.

नव्या शाळेची दवंडी पिटली गेली तेव्हा दस्तगीर मास्तर दुकानात सुपारी घ्यायला आले होते. मल्लम्माने पुडी बांधता बांधता विचारले, “मास्तर, माजं लेकरू ऐकत न्हाई. तुमाला ठावं हाय का?”

“पैले हफ्ते में मालूम हुआ, अम्मा.”

“मंग बोलला न्हाईत कंदी?”

“किस कू बोलता?” मास्तर सुपारी चघळत म्हणाले. “बाकी के बच्चे भी मेरा क्या समजते थे? मेरे कू सब एक सरीके दिसे.”

“आता ह्याला हितंच ठिवू का तिकडं घालू?”

“उधरीच डालो. इधर कौन रैने वाला है? मेरा भी बदली का हुकूम आ गया.” पैसे ठेवून ते उठले. “तुमारी बोली का मदरसा है, अम्मा. अपने लोगां. उनो तो संभाल लेंगेच.”

दवंडीनंतर पोरेच यायची थांबली, तेव्हा सरकारी शाळेला कुलूप लागले आणि मास्तर बैलगाडीत ट्रंक टाकून सेलूच्या स्टेशनाकडे गेले. जाताना त्यांनी गाडीतून मिशीला पीळ दिल्याची खूण केली. दुकानाच्या पायरीवर बसलेला महालिंग पोट धरून हसला.

तर असा तो मुलगा नव्या शाळेच्या टेबलापुढे उभा होता आणि मध्ये ती पाटी होती.

“बाई,” गुरुजी आवाज खाली आणून म्हणाले. ते पुण्यास राहून आलेले, ध्येयासाठी कमी पगारावर खेड्यात आलेले गृहस्थ होते. “आमची शाळा मातृभाषेची आहे. या मुलाला भाषाच नाही.”

“हाय की. हातानं बोलतो त्यो. समद्या पोरायला कळतंय. आश्रुबाला इचारा.”

आश्रुबाच्या ओठांवर बोट होते.

“आक्का,” आबासाहेब म्हणाले, “लेकराची माया आमाला न्हाई का? पर इचार करा. दोन साल हैद्राबादच्या पायऱ्या झिजवून परवानगी आनली. उद्या तिथला साहेब तपासायला आला, अन् मराठी शाळंतलं पोरगं त्येच्यापुढं उर्दूत नाव लिहायलंय म्हनल्यावर? आपनच त्येंच्या हातात कोलीत द्यायचं व्हय?”

“मंग मराठी शिकवा की त्याला. ते शिकला तसं हे शिकंल.”

“लिहिणं म्हणजे भाषा नव्हे, बाई,” गुरुजी म्हणाले. “भाषा उच्चारावर उभी असते.”

शाळेच्या मुहूर्ताच्या दिवशी आबासाहेबांनी याच वखारीत भाषण केले होते. आईच्या दुधाइतकाच आईच्या बोलीवर लेकराचा हक्क आहे, असे ते म्हणाले होते, आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या मल्लम्माने ते शब्दन् शब्द खरे मानले होते. सभेत तसे मानणारी बहुधा ती एकटीच असावी.

ती टेबलाजवळ सरकली. “गुरुजी, ह्याची दीक्षा झाली तवाची गोष्ट सांगते. मंत्र कानात द्यायचा असतो आमच्यात. स्वामी वाकले, ह्याच्या कानाला लागले. माजी ननंद नागुबाई म्हनली, स्वामी, ह्याला ऐकू येत न्हाई. स्वामी म्हनले, माजं काम सांगायचं हाय. अन् सांगितला पुरा. उठून गेले न्हाईत. तुमी नुसतं नाव इचारलं, अन् पाटी पुसायलाव.”

गुरुजी खरोखरच पाटी पुसत होते. पुढचा मुलगा ताटकळला होता. त्यांचा हात थांबला. मग उरलेला अर्धा भाग त्यांनी अधिक हळू पुसला. “मुंबईला अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते,” ते म्हणाले.

“तितं आश्रुबा हाय का?”

गुरुजींनी पुसलेली पाटी टेबलावर ठेवली. पुढच्या मुलाला पुढे घेतले गेले. त्याने आपले नाव खणखणीत उच्चारले.

शाळा सुरू झाली. गुरुजींनी पहिल्या आठवड्यात हातवारे मोडून काढले. ही मुक्यांची खोड गुलामीच्या शाळेने लावली आहे, असे ते वर्गात म्हणत, आणि ऐतिहासिकदृष्ट्या ते खोटे नव्हते. सकाळी पोरांची रांग बाजारातून वखारीकडे निघे, सगळ्यांच्या हातांची घडी. महालिंग दुकानाच्या पायरीवरून तीन बोटे कपाळावर फिरवी. आश्रुबा मान तिरपी करून बघे. घडी सोडत नसे.

संध्याकाळी तो गूळ न्यायला येई. पहिले काही दिवस तागडीच्या आडून दोघांचे हात बोलले. पण नव्या शाळेतले जे आश्रुबाला सांगायचे असे, त्याला जुन्या हातांत खुणाच नव्हत्या. तो तोंडाने सांगू लागे, महालिंगच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच थांबे, आणि मग मल्लम्माला म्हणे, “काकू, गूळ द्या.”

एके सकाळी महालिंग पायरीवर दिसला नाही. मन्मथअप्पा म्हणाले, “असंल हितंच. गेला तर जातो कुठं?” मल्लम्मा मात्र विचारत न बसता वखारीकडे निघाली.

कापसाची ओझी उतरवायला बांधलेल्या दगडी पायऱ्या वखारीच्या दारापुढे होत्या. वरच्या पायरीवर तो बसला होता. मांडी घातलेली, पाठ ताठ, हाताची घडी, ओठांवर बोट. नजर उघड्या दारातून आत लागलेली. त्याने सगळे पाहिलेच होते. आश्रुबाने घडी घातली, तो आत राहिला. आपण हात पुढे करून पाटी उचलली, आपण बाहेर आलो. नुसते पाहून जगणाऱ्या मुलाने काढलेला तो निष्कर्ष होता, आणि हाती आलेल्या पुराव्यात कुठे खोट नव्हती.

आत वर्गाचा गलका चालला होता. “हाताची घडी,” गुरुजी ओरडले, आणि आवाज थोडा ओसरून पुन्हा चढला. त्रासून ते दाराशी आले. तिथे त्यांना तो दिसला. त्यांच्या शाळेत त्या क्षणी तेवढा एकच मुलगा सांगितल्याप्रमाणे बसलेला होता. दार लोटायला गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि ते आत गेले.

मल्लम्मा पायऱ्यांच्या खाली उभी होती. ती त्याला घरी न्यायला आली होती. हाक मारून उपयोग नव्हता. न्यायचे तर त्याचा हात धरावा लागला असता, आणि हात धरायचा तर आधी ती घडी सोडवावी लागली असती.

ती पायऱ्या चढली आणि त्याच्या एका बाजूला, डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसली. तिच्याकडे त्याने एकदाच पाहिले. तिचे हात मांडीत मोकळे होते. त्याने भुवया जवळ आणल्या, घाईने घडी सोडून तिचे मनगट धरले, तिचे हात एकमेकांवर ठेवून दिले, आणि तिचे बोट उचलून तिच्याच ओठांवर टेकवले. मग आपली घडी पुन्हा घातली.

ऊन चढून पायऱ्यांवर आले तेव्हा ती तशीच, घडी न मोडता, उठली आणि त्याच्यावर सावली पडेल अशी उभी राहिली. त्याने वर पाहिले नाही. दार उघडे होते.