खंडेनवमीची आरती

ग्वाल्हेरजवळच्या खनिज भाजण्याच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. कोळसा दळायच्या खोलीत भुकटी हवेत तरंगत होती आणि मॅनेजर समरजीतराव तिथेच आरतीच्या ताटात कापूर पेटवायला निघाले.

"सर, इथे नको. भुकटी भडकेल," सुरक्षा अधिकारी यशश्री म्हणाली.

"अरे बेटा, टेन्शन मत लो. आमच्या आजोबांनी तोफेला ओवाळलं होतं. उडाली का?"

"भरलेली नसेल, सर."

कामगार हसले. कापूर पेटला आणि खोलीत भडका उडाला. दोन कामगारांचे हात भाजले, सरांच्या मिशा गेल्या.

दवाखान्यात सरांनी अहवाल सांगायला घेतला. "लिहा. कारण, कामगार आरतीच्या फार जवळ उभे होते."

यशश्रीने पेन बंद केलं. "हे मी लिहिणार नाही, सर. ताट तुमच्या हातात होतं."