एका वेळी एकच अध्यक्ष

संत तुकाराम नगरातलं आमचं पाळणाघर सोमवारी सुरू झालं आणि वर्षालीची नोकरी वाचली. पण संस्थेच्या दृष्टीने यातलं काहीच झालेलं नाही, त्यामुळे इथून पुढे आपणही तसंच धरून चालू.

कंपनीत जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी आम्ही ही संस्था काढली. कारभार चोख हवा, यावर एकमत होतं. चोख कारभार आम्ही आयुष्यात एकाच ठिकाणी बघितलेला, कंपनीत. म्हणून संस्थेची घटना लिहिताना शिफ्ट लावल्या. पहिल्या शिफ्टचे अध्यक्ष रिटायर झालेले सुपरवायझर ज्योतीरामकाका, दुसरीच्या विजयश्रीताई, तिसरीचा समाधान. जो ड्युटीवर, तोच अध्यक्ष. कंपनीचा शिफ्ट संपल्याचा भोंगा झाला की साधा माणूस. आणि पुढच्याच कलमात लिहिलं, की प्रत्येक ठरावावर तिन्ही अध्यक्षांनी एकाच बैठकीत सही करावी.

बैठक भरली. तिघंही आले. अध्यक्ष एकच निघाला.

"मग घटना बदला की," विजयश्रीताई म्हणाल्या.

"त्यालाही ठराव लागतो," मी म्हणालो. मी सचिव. जनरल शिफ्ट.

"माझ्या शिफ्टला या राव," समाधान म्हणाला. "मी एकटाच बहुमतात असतो."

सोमवारी पहाटे वर्षाली पोरीला कडेवर घेऊन पाळणाघराच्या दारात हजर. पहिली शिफ्ट, म्हणून ड्युटीवर ज्योतीरामकाका. चाकणच्या कंपनीत तिचा पहिला दिवस. गेली नाही तर ठेकेदार दुसरीला घेणार.

"काका, कुलूप काढा. बस येतीये."

"ठरावाशिवाय पाळणाघर सुरू करता येत नाही, बाळा."

"मग हिला काय लाइनवर उभी करू, हेल्पर म्हणून?"

काकांनी चष्मा लावला, घटना पहिल्यापासून वाचली. बस हॉर्न देत होती.

"जागेच्या तपासणीला ठराव लागत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी कुलूप काढलं. "तपासणी कोण करणार?"

वर्षालीने पोरगी त्यांच्या हातात दिली आणि पळाली.

तेव्हापासून तपासणी चालू आहे. रोज पंधरा-वीस तपासनीस येतात, खिचडी तपासतात, एकमेकांना चावतात, दुपारी झोपतात. मात्र महिनाअखेर ठराव झाला नाही तर जागेला कुलूप लावायचं, हेही आम्हीच लिहून ठेवलंय. वर्षाली रोज विचारते, ठराव झाला का. म्हणून काल अर्ज पाठवला:

"प्रति, सर्व कंपन्यांचे व्यवस्थापक, पिंपरी ते चाकण. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आपल्या भोंग्यावर बदलतात. तरी ठरावावर सह्या होईपर्यंत, फार तर अर्धा तास, पहिली, दुसरी व तिसरी शिफ्ट एकाच वेळी चालवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."