ऐंशीचा पट

शाळेत मुलं ऐंशी, वर्ग तीन आणि पंखे दोन. तरी कारकूनबाई शाळेबद्दल बोलू लागल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई विद्यापीठात नोकरीला आहेत. सहावी ते आठवीची ही सरकारी शाळा. मुलांचे आईबाप कुणी धोबीखान्यात, कुणी गोदामात, कुणी इमारतींच्या कामावर. दरवर्षी माहितीचा तक्ता भरताना ‘घरी बोलली जाणारी भाषा’ या रकान्यात नऊ भाषा निघत आणि छापील जागा असे चारांची. उरलेल्या पाच कारकूनबाई समासात लिहीत. "छापणाऱ्याला अक्कल नाही, त्याला आपण काय करणार?" असं वर ऐकवत.

यंदा तक्त्यासोबत पत्र आलं. पटावरची निदान निम्मी मुलं गणितात पास नसतील, तर शाळा बंद करून मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवणार. ऐंशीपैकी एकोणचाळीस पास झाली होती. एका पोरावर घोडं अडलं होतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दार लोटून घेतलं.

"सहा मुलं परीक्षेला नव्हतीच. चार-चार महिने शाळेत नाहीत ती. नावं काढा. नियमात बसतं. चौऱ्याहत्तरात एकोणचाळीस म्हणजे निम्म्याच्या वर. साप मरेल, काठीही मोडणार नाही."

कारकूनबाईंनी पट छातीशी धरला. त्यांची एक रीत होती. मूल यायचं थांबलं की त्या नावाभोवती पेन्सिलीने गोल करत. नावावर लाल रेघ मारायची ती दुसऱ्या शाळेने दाखला मागितल्यावरच. वीस वर्षांत चार मुख्याध्यापक आले नि गेले, पण ही रीत कुणाला मोडता आली नव्हती.

"या सहांचे दाखले कुणी मागितलेत, बाई? कुणीच नाही. म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या शाळेत गेलेली नाहीत. इथूनही नाव काढलं तर ती कुठेच नाहीत."

"आणि शाळाच गेली तर? बाकीच्या चौऱ्याहत्तरांचं काय?"

आपल्या हट्टापायी सगळी शाळा बुडेल, ही भीती कारकूनबाईंना खरोखरच वाटली. पण मागे हटण्याचा त्यांचा पिंड नव्हता.

"गैरहजर मुलांची फेरपरीक्षा तीन आठवड्यांनी आहे. मी मुलं शोधून आणते."

"आणाल हो, पण पास कशी होणार?"

"ते तुमचं काम. मात्र शाळेचं यातलं काही त्यांच्या कानावर जाता कामा नये. लेकरांच्या मानगुटीवर शाळा बसवायची नाही."

मग शोध सुरू झाला. कारकूनबाईंचा नवरा बसचालक. कुठलं कुटुंब कुठल्या थांब्यावर सामानासकट उतरलं, हे त्याच्या बरोबर लक्षात असे. "माझ्या मागे कधी एवढी फिरली नाहीस," असं म्हणत त्याने चार पत्ते काढून दिले. दोन कुटुंबांचा काही माग लागला नाही.

सातवीतली एक मुलगी धोबीखान्याच्या मागच्या खोलीत सापडली. कडेवर दहा महिन्यांचा भाऊ, चहूकडे वाफ. आई चादरींना इस्त्री करत होती.

"चार महिने झाले, ताई," आई म्हणाली. "नाव तर केव्हाच कापलं असेल."

कारकूनबाईंनी पिशवीतून पट काढला. मुलीने आपलं नाव मोठ्याने वाचलं. आईला वाचता येत नव्हतं. तिने हात पदराला पुसले, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आहे की अजून!" मग बराच वेळ ते बोट तिने उचललं नाही.

"पण या धाकट्याला कोण बघणार?"

"मी," कारकूनबाई म्हणाल्या आणि लगेच मनात म्हणाल्या, आता मेले.

दुसऱ्या दिवसापासून धाकटा कार्यालयात रांगू लागला. त्याने दोन आवकपत्रं चघळली, शाईच्या शिक्क्याने गाल रंगवून घेतले. पलीकडे मोठ्या बाई चारही मुलांना घेऊन अपूर्णांकांशी झुंजत होत्या. सुरुवातीला त्यांचा आवाज कुरकुरीचा असे. दुसऱ्या आठवड्यात त्या शाळा सुटल्यावरही थांबू लागल्या आणि घड्याळाकडे बघेनाशा झाल्या.

फेरपरीक्षेचे पेपर बाहेरून तपासून घेऊन खात्याचे तपासणीस साहेब शाळेत आले. पासाला पस्तीस हवेत. पहिला बावीस. दुसरा तीस. तिसरा तेहतीस. कारकूनबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. साहेबांनी चौथा पेपर उलटला.

"अडतीस. म्हणजे चाळीस झाली. बरोबर निम्मी." त्यांनी चष्मा काढला. "शाळा राहते. पण सहा नावं आधीच काढली असतीत, तर जिवाला एवढा घोर लागला नसता."

"मी काढायलाच निघाले होते, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "यांनी हात धरला. आमच्या कारकूनबाई आहेत या."

‘आमच्या’ ऐकून कारकूनबाईंचा ऊर असा भरून आला की त्या धाकट्याचं नाक पुसायच्या निमित्ताने बाहेर पडल्या.

व्हरांड्यात ती मुलगी उभी होती. भावाला घेत तिने विचारलं, "किती पडले?"

"अडतीस. पास."

शाळा या अडतीस गुणांवर उभी आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. तिने नाक मुरडलं.

"एवढेच? पुढच्या परीक्षेला साठ पाडते की नाही बघा."