पाहुण्यांचा धडा

शाळा संपवून कॉलेजआधीचं एक वर्ष देशोदेशी हिंडायचं आणि जगाचा विकास कसा होतो ते शिकायचं, असं ठरवून निघालेली परदेशी मुलं योगिनीच्या संस्थेत दर दोन महिन्यांनी यायची. हैदराबादेत असेपर्यंत हे पाहुणे संध्याकाळी संस्थेच्या अफझलगंजच्या वर्गात वस्तीतल्या पोरांना शिकवत. प्रत्येक तुकडी अपूर्णांकांपासूनच सुरुवात करी. भाकरीचं चित्र, अर्धी, पाव.

वर्गातल्या भाग्यलक्ष्मीला हे केव्हाच येत होतं. पण पोरांनी फटाफट उत्तरं दिली की पाहुण्यांचे चेहरे उतरत. म्हणून योगिनीनेच सांगून ठेवलं होतं, लगेच बोलू नका, त्यांना जरा शिकवू द्या. भाग्यलक्ष्मी त्यात तरबेज. डोळे मोठे करून गप्प बसायची आणि बऱ्याच वेळाने, आत्ताच उमगल्यासारखं, बरोबर सांगायची. क्लारा नावाची मुलगी तर आनंदाने रडली होती. मागची पोरं म्हणत, "हिला सिनेमात घ्या."

जूनमध्ये निवासी शाळेची लेखी परीक्षा ती वरच्या गुणांनी पास झाली. राहिली फक्त मुलाखत. ही जागा मिळाली नाही तर आई तिला आपल्याबरोबर घरकामाला नेणार होती.

मुलाखतीच्या बाई प्रेमळ होत्या. पुढे वाकून, हसून विचारत होत्या, अर्धा मोठा की एक तृतीयांश? दाराबाहेरच्या बाकावरून योगिनीला भाग्यलक्ष्मीचे डोळे मोठे होताना दिसले. बाईंनी आणखी सोपं विचारलं. पोरगी गप्पच. मग बाईंनी तिचा पेपर पुढे ओढला, गुण पाहिले आणि त्यांचं हसू मावळलं. हा पेपर हिने स्वतः सोडवला असेल यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

योगिनीने आत जाऊन सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"येतं, पण सांगत नाही, असं सगळेच म्हणतात हो," त्या म्हणाल्या, आणि शिपायाने पुढचं नाव पुकारलं.

बसथांब्यावर भाग्यलक्ष्मी खुशीत होती. "अक्का, त्या मधेच थांबल्या. मी सांगणारच होते."

इथे लगेच सांगायचं होतं, हे योगिनीने तिला हळू आवाजात समजावलं. चूक तुझी नाही, माझी, हेही सांगितलं. भाग्यलक्ष्मीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे त्या खरंच विचारत होत्या?"

"हौ," योगिनी म्हणाली.