हातचा एक दिवस

नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि तो जे सांगत होता त्यात काडीची शंका नव्हती. डोंगरापलीकडची तीन केंद्रं मंगळवारी सकाळीच थंडावली होती. तिथला वारा फिरला होता, पारा सात अंशांनी उतरला होता. ही गार हवा ज्या चालीनं खाली सरकत होती, त्या चालीनं ती गुरुवारी उजाडता उजाडता शहरात पोचणार होती. धाकट्यानं पट्टी लावून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा गुरुवारच आला. मग त्यानं चष्मा पुसला आणि हवामानाच्या पत्रकात लिहिलं, 'शुक्रवारपासून तापमानात घट होण्याची शक्यता.'

याला त्यांच्या ऑफिसात 'हातचा धरणं' म्हणत. ही रीत एका जुन्या साहेबांनी घालून दिलेली. त्यांचं म्हणणं असं, की गारवा सांगितल्यापेक्षा लवकर आला तर कुणी तक्रार करत नाही. उशिरा आला की आपल्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. धाकट्याला ते अनुभवानंच पटलं होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यानं छातीठोकपणे 'उद्या गारवा' असं लिहिलं, आणि गारवा दोन दिवस वाटेतच कुठेतरी रेंगाळला. गावभर शोभा झाली. भाजीवालीसुद्धा म्हणाली, की साहेब, तुमच्या भरवशावर जास्तीचा माल भरला आणि सगळा करपला. तेव्हापासून एकतीस वर्षं हातच्याशिवाय त्यानं पत्रक काढलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो. फक्त तोंडावर पडायला भ्यायचा, आणि हळूहळू त्या भिण्यालाच अनुभव म्हणायला लागला होता.

धाकटा म्हणजे काही लहान नव्हे. वय सत्तावन्न, डोक्यावर केस मोजकेच, पण घरात दादा असेपर्यंत धाकटा तो धाकटाच. दादा त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा दादा नुकताच नदीवरच्या लाँचवर लागला होता. या काठावरची माणसं त्या काठावर, त्या काठावरची या काठावर, अशी पस्तीस वर्षं त्यानं काढली, आणि त्या पगारावर याला शिकवलं. वारा फिरणार असला की दादाला मानेवर कळायचं. यंत्र नाही, नकाशा नाही, नुसती मान. पण धाकटा हवामान खात्यात लागला आणि त्या दिवसापासून दादानं आपल्या मानेला रजाच देऊन टाकली. कुणी विचारलं तर म्हणायचा, मला काय कळतं, आमच्या धाकट्याला विचारा, शिकलेला आहे तो.

आता दादाचं हृदय थकलं होतं. त्यात उन्हाळा सरता सरत नव्हता. खोलीतला पंखा गरम हवाच ढवळत बसायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, या उन्हात उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. हवा गार झाली की चाकाच्या खुर्चीतून तासभर नेऊन आणा. दिवस थोडेच उरलेत हे त्यांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि वहिनीनं धाकट्याला. दादाचं मागणं एवढंच होतं, की एकदा धक्क्यावर न्या, लाँच काठाला लागताना बघू द्या.

मंगळवारी संध्याकाळी धाकटा घरी गेला, तर दादा उशीला टेकून वाटच बघत होता.

"बोल. कधी?"

गुरुवार अगदी जिभेवर आला होता. पण गुरुवारी बाहेर काढलं आणि ऊन तापलं तर? भर धक्क्यावर काही झालं तर? लोक काय म्हणतील, आपण आपल्याला काय म्हणू? आणि एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय!

"शुक्रवार," तो म्हणाला. "शुक्रवारची मी रजा टाकतो. गाडी घेऊन सकाळी सातला येतो."

"शुक्रवार तर शुक्रवार," दादा म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

दारापर्यंत सोडायला आलेल्या वहिनीनं हळूच विचारलं, की कालची रात्र फार वाईट गेली, शुक्रवारच्या आधी काही जमेल का. गुरुवारचं काही सांगता येत नाही, असं धाकटा म्हणाला.

गुरुवारी पहाटे वारा फिरला. अगदी पट्टीनं मोजल्यासारखा आला. लोकांनी दारं-खिडक्या सताड उघडल्या, रस्त्यात माणसं उगीचच हसून बोलायला लागली. ऑफिसात सगळे खूश होते. अंदाज चुकला, पण चांगल्या बाजूला चुकला. धाकट्यानं दोनदा फोन उचलला. पण नवीन पत्रक काढायचं होतं, केंद्रांचे आकडे यायचे होते, आणि उद्या तर जायचंच होतं की. त्यानं दोन्ही वेळा फोन खाली ठेवला. चार वाजता वहिनीचा फोन आला.

तो पोचला तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. खिडकी उघडी होती, पडदा हलत होता, खोली इतकी छान गार झाली होती की धाकट्याला ते सहन होईना. वहिनी दादाच्या पलंगाशी बसली होती.

"सकाळी जागे झाले ते खिडकीकडे मान करूनच," ती म्हणाली. "म्हणाले, वारा फिरला गं. मी म्हटलं, शेजारच्यांची गाडी बघते, तासभर जाऊन येऊ. तर मलाच दटावलं. म्हणाले, धाकट्यानं शुक्रवार सांगितलाय, हे काही खरं नव्हे, दुपारी परत तापेल. त्याला जास्त कळतं. दाढी मात्र आजच करून घेतली माझ्याकडून. उद्या सकाळी त्यात वेळ जायला नको म्हणाले."

धाकटा भिंतीला धरून खाली बसला. त्याला मोठ्यानं रडायचं होतं, पण रडायचा आपल्याला हक्क आहे असं काही त्याला वाटेना. वहिनीलाच त्याची दया आली.

"मनाला लावून घेऊ नका, भाऊजी. अंदाज तो, एखाद्या दिवसानं इकडेतिकडे व्हायचाच. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

त्यानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिनं आयुष्यभर पुन्हा विचारलं नसतं.

"माहीत होतं, वहिनी," तो म्हणाला. "मंगळवारीच माहीत होतं. गुरुवारच येणार म्हणून."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिनं तोंड फिरवलं. दादाच्या कानामागे दाढीच्या साबणाचा एक पांढरा ठिपका वाळून राहिला होता. तो पुसायला ती रुमाल ओला करू लागली तशी धाकट्यानं उठून हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी करते."