ळ बाळाचा

चिंचोक्याची एक बाजू गुळगुळीत झाली होती, बोट फिरून फिरून झालेली, आणि दुसरी तशीच खरबरीत... पिशवीच्या तळाशी किल्लीबरोबर तो कधी येऊन पडला होता कोण जाणे, आणि आता शाळेला निघायच्या घाईत, दाराला कुलूप लावायचं सोडून कमळाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या होत्या आणि विचार करत होत्या की हा कशातला – पोटातला की शेपटीतला. ळ ला दोन पोटं असतात आणि एक शेपटी. हा शोध आक्काचा. त्याआधी कमळाबाई ळ नुसताच लिहीत होत्या, रोज सही करताना, तो आपल्याच नावाच्या ऐन मध्यावर बसलाय याची फारशी दखल न घेता. म्हणजे घरातल्या मोरीची घ्यावी तेवढीच.

आज शनिवार. सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत गणपतराव येणार होते, आक्काचं, म्हणजे आपल्या मुलीचं, नाव शाळेतून काढायला.

नाही – काढायला नाही, ऐकायला, त्यांनी स्वतःला दुरुस्त केलं आणि कुलूप लावलं. ऐकायला येणार होते. तसं ठरलं होतं. मी काय म्हणाले होते त्यांना? 'एक आठवडा द्या. पुढच्या शनिवारी ती तुम्हाला वाचून दाखवेल. नाही वाचलं तर न्या.' हेच शब्द. आणि ते मान हलवून गेले होते, कारखान्यातल्या मळीचा वास मागे ठेवून. भला माणूस. कसबा बावड्याला साखर कारखान्यात कामाला, बायको बाळंतपणानंतर अजून अंथरुणातच, आणि ते नवं बाळ सांभाळायला घरात दुसरं कोणी नाही. आक्का होती. आक्का आठ वर्षांची होती. नावच आक्का, त्यामुळे मुख्याध्यापकांपासून घंटा देणाऱ्या केरबापर्यंत सगळी शाळा तिला थोरली बहीण मानून हाक मारायची आणि धाकट्यांतली धाकटी मानून पहिलीत बसवायची. यंदा तिसऱ्यांदा बसवली होती. मुख्याध्यापक हंबीरराव म्हणायचे, 'बाई, काही मुलं शिकत नाहीत, मुरतात. लोणच्याला आपण घाई करतो का?' एकदा वरच्या साहेबांनी तपासणीत विचारलं, 'ही का मागे?' तर हंबीररावांनी अत्यंत आदरानं सांगितलं, 'साहेब, तिला शाळा आवडते.' साहेबांनी शेरा लिहिला – समाधानकारक.

शिवाजी पेठेतल्या तालमीसमोर पोरं फुटबॉल लाथाडत होती. बाईंना बघून त्यांनी चेंडू पायाखाली दाबला आणि नमस्कार केला. यांतल्या निम्म्यांना मीच वाचायला शिकवलं. कसं शिकवलं, हे कुणी विचारलं असतं तर मात्र पंचाईत होती. कारण शिक्षण मंडळानं पाठवलेली पद्धत एकच – तक्ता, छडी आणि एका सुरात ओरडणं – आणि पोरं चाळीस तऱ्हांची. कुणाच्या डोक्यात अक्षर कानातून जायचं, ते गाऊन द्यावं लागायचं. कुणाच्या पाठीवर बोटानं काढावं लागायचं, आणि गुदगुल्या थांबल्या की ते आत उतरायचं. कुणाला चिंचोक्यांनी जमिनीवर मांडून द्यायचं. यात एकच अडचण, चिंचोके भाजलेले असले तर अक्षर खाल्लं जायचं. 'बाई, ह्यानं माझा ग खाल्ला!' अशी तक्रार महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या वर्गात होत असेलसं वाटत नाही.

आणि ज्याला कशानंच येत नाही, त्याला ताटात तांदूळ. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते लग्नातलं... ताटात पसरलेले तांदूळ, आणि त्यावर अंगठीनं नवीन नाव लिहिणारा एक घाबरलेला हात. त्या तोवर द्वारका होत्या. क झाला, म झाला, आणि तिसऱ्या अक्षराला हात अडखळला, दोन पोटांपैकी एक मोठं झालं, तांदूळ ताटाबाहेर सांडले, बायका हसल्या, आणि कुणीतरी म्हणालं, 'वाच गं, काय लिहिलंय?' – त्यांनी खाली मान घालून वाचलं, आणि मग त्या नावाच्या झाल्या. तो हात आता नाही. बारा-तेरा वर्षं झाली. तांदळावर बोट फिरवायची सवय तेवढी राहिली.

वर्गात तक्ता सुरू होता. 'क कमळाचा!' यावर पोरं बाईंकडे बघून हसत. बाईंचं नाव कमळाबाई, तेव्हा क हे अक्षर बाईंच्या मालकीचं, अशी वर्गाची पक्की समजूत होती. 'ख खडूचा... ग गवताचा...' आवाज छपरापर्यंत चढत गेला, 'ण बाणाचा!' आणि शेवटी, सगळ्यांचा दम संपता संपता, 'ळ बाळाचा!'

मागच्या बाकावर आक्का ओठ हलवत नव्हती. ती बोटानं बाकावर ळ काढत होती. दोन पोटं. शेपटी.

गेल्या शनिवारपर्यंत हीच आक्का 'शाळा' हा शब्द 'शाबा' असा वाचत आली होती. तीन वर्षं. वर्ग हसायचा, तिचं नाव शाबाआक्का पडलं होतं, आणि 'कमळ' लिहून दिलं तर ती जोर लावून 'कमबा' म्हणायची, आणि 'बाळ' लिहून दिलं तर 'बाबा'. मुख्याध्यापक म्हणायचे, पोर ठोकून देते. कमळाबाईंनाही तसंच वाटायचं – ठोकूनच देते बिचारी. गेल्या शनिवारी गणपतराव निघून गेल्यावर मात्र ती तक्त्यापुढे जाऊन उभी राहिली होती, डोळे न पुसता, आणि म्हणाली होती,

'बाई, मी चुकतो कुठं?'

या गावातल्या पोरी स्वतःबद्दल मुलांसारखं बोलतात, मी येतो, मी जातो. पुस्तकातली मुलगी 'मी येते' म्हणते आणि या तिला हसतात.

'तूच सांग, कशी वाचतेस.'

'क कमळाचा, म्हंजी क. ग गवताचा, म्हंजी ग. चित्राचं नाव घ्याचं आन् म्होरचं त्येवडं ठेवायचं.'

'बरोबर.'

'मग ळ बाळाचा. म्हंजी बा.'

...

कमळाबाई तेव्हा खुर्चीवर बसल्या होत्या हे बरं झालं. पुऱ्या तक्त्यात नियम एक, आणि दोन अक्षरांपाशी तो गुपचूप मोडलेला, कारण ण आणि ळ नं सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. आणि हे सगळ्या मुलांनी आपसूक, न विचारता, ओरडता ओरडता सोडून दिलेलं. नियम पाळला तो एकटीनं. तिनं ज्याला 'बाबा' म्हटलं होतं ते तिच्या हिशेबानं अगदी चोख होतं: बा आणि बा.

'आक्के,' त्या म्हणाल्या होत्या, 'ळ कधी पुढे येत नाही. तो शब्दात मागेच असतो. बाळ म्हण. शेवटी काय ऐकू येतं?'

तिनं कितीतरी वेळ बाळ, बाळ, बाळ म्हणून बघितलं, जीभ टाळूला लावून, घरच्या बाळाला निजवत असल्यासारखं. मग तिचा चेहरा एकदम –

'त्यो बी मागंच बसतोय व्हय? माझ्यागत?'

मग आठवडाभर चिंचोके, तांदूळ, पाठीवर बोट. रोज शाळा सुटल्यावर. ळ तिच्या आत उतरला तो बहुधा बुधवारी. उतरल्यावर तिला थांबवणं अवघड झालं. गूळ, केळं, मळी, डोळा... भिंतीवरच्या रंगवलेल्या जाहिरातीतले ळ ती बोट लावून मोजायची.

घंटा झाली. मधली सुट्टी.

गणपतराव ऑफिसच्या दारात उभे होते, चपला बाहेर काढून. धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. पुडा का आणलाय, असं कमळाबाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी ते मनातून काढून टाकलं. हंबीररावांनी पाटी मांडीवर घेतली, आपल्या मोठ्या मोठ्या अक्षरात 'शाळा' लिहिलं आणि ती फिरवून आक्कापुढे धरली.

आक्कानं बघितलं. तिचा हात पाठीमागे गेला, आणि कमळाबाईंना एकट्यांनाच दिसलं, की ती बोटानं आपल्याच कमरेवर काहीतरी काढतेय. पोट. पोट. शेपटी.

'शा... ळा.'

'अरेच्चा!' हंबीरराव म्हणाले. त्यांनी पुसलं. 'कमळ.' तिनं वाचलं. पुसलं. 'बाळ.'

'बा,' आक्का म्हणाली, आणि थांबली. बापाकडे बघितलं. बाईंकडे बघितलं. 'ळ. बाळ.'

गणपतरावांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे टिपले. आणि कमळाबाईंना वाटलं, जिंकलो, आपण जिंकलो, पोरी – इतकं स्पष्ट, इतकं मोठ्यानं, की ते तोंडातून निघालं की काय अशी त्यांना भीती वाटली.

'बाई, तुमचं लई उपकार झालं बघा,' गणपतराव म्हणाले. 'मला लिवलेली मळी आन् मोळी सारखीच दिसत्यात. आमच्या सात पिढ्यांत कुणाला वाचाय आलं न्हाई. पोरगी शिकली! झालं की मग.' त्यांनी पुडा सोडला. 'घ्या सायेब, तोंड गोड करा. आता सुखानं न्हेतो.'

हंबीररावांनी पेढा घेतला.

'न्हेतो म्हणजे?' कमळाबाई म्हणाल्या. 'आपलं काय ठरलं होतं, गणपतराव? मी म्हणाले होते, नाही वाचलं तर न्या.'

'व्हय की. न्हाई वाचलं तर न्या म्हणलासा.' ते बिचारे खरोखर गोंधळले होते. 'मग मी म्हणलं, वाचलं तर न्याच. वाचाय आल्यावर शाळंत कशाला ठेवायची पोर? जेवण झाल्यावर पंगतीत कोण बसवून घेतंय?'

'अहो, आत्ता तर कुठे... अजून जोडाक्षरं आहेत. पुढचं पुस्तक आहे.'

'जोडाक्षरं घिऊन काय करू बाई? घरात कामाला जोडीला कोण न्हाई, त्ये बघायचं का जोडाक्षरं बघायची?' ते हसले. आपण विनोद केला हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग त्यांना त्याची लाज वाटली. 'ल्हान पोर हाय ओ. आई उठत न्हाई त्येची. मी फिरत्या पाळीला. तुमीच सांगा.'

तुम्हीच सांगा. काय सांगायचं होतं? वाक्याला दोन बाजू असतात, आणि मी पुढची तेवढी बोलले. मागची – वाचलं तर ठेवा – ती न बोलताच समोरच्याला ऐकू जाईल असं धरून चालले, तक्त्यासारखी. ठेवा, असं आता त्या म्हणाल्यासुद्धा. दोनदा म्हणाल्या. बाळाला घेऊन येऊ द्या तिला शाळेत, मी बघीन, असंही म्हणाल्या, आणि हंबीरराव पेढा गिळून हळूच म्हणाले, 'बाई, साहेबांना काय सांगू? तान्ह्याचं नाव पटावर घेतलं म्हणून?' तेही वाईट माणूस नव्हते. त्या खोलीत त्या सकाळी एकही वाईट माणूस नव्हता. असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

आक्का एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. पेढा तिच्या हातात तसाच होता.

कमळाबाई त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या. गणपतरावांनी चपला घातल्या, सायकल फिरवली, मुलीला पुढच्या दांडीवर उचलून बसवायला वाकले – आणि आक्का मागे सरकली. तिनं मान वर केली. फाटकावरच्या कमानीत निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात शाळेचं नाव होतं; तिकडे बोट करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं वाचलं:

'शाबा!'

गणपतराव थांबले.

'शाबा! शाबा! मला येत न्हाई वाचाय! आबा, मला येत न्हाई! ळ बाळाचा, म्हंजी बा! बाबा!'

'आता चेष्टा नगं आक्के,' ते मायेनं म्हणाले, आणि तिला उचलून दांडीवर ठेवलं. 'आत्ता वाचलीस की. बाईंनी बघितलंय.'

तिनं बाईंकडे बघितलं. आता बाईंनी म्हणायचं होतं, नाही, तिला येत नाही. एवढंच. कमळाबाईंचं तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच... तीन वर्षांत पहिल्यांदा बरोबर वाचलेल्या मुलीला तुला येत नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्या एका क्षणात सायकल चालू पडली होती. वळणापर्यंत 'शाबा' ऐकू येत होतं, मग नुसता 'बा'.

संध्याकाळी त्या भाजी आणायला निघाल्या आणि दुकानांच्या पाट्यांनी त्यांना गाठलं. घाऊक गूळ. त्यांनी वाचलं, गूबा. केळी भांडार... केबी. हसू यायला हवं होतं. एका पाटीवर ळ नव्हता, ती त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली, पाण्याखालून वर येऊन श्वास घ्यावा तशी. भाजी न घेताच परत आल्या.

रात्रीच्या भातासाठी ताटात तांदूळ निवडायला घेतले. खडे जवळजवळ नव्हतेच. त्यांनी तांदूळ पसरले, हलवून सारखे केले, आणि बोट आपोआप फिरलं – क, म, मग पोट, पोट, शेपटी. तांदूळ सांडले नाहीत. हात आता सरावलेला होता.

वाच गं, काय लिहिलंय?

क, मी म्हणाले. म. आणि तिसऱ्या अक्षराशी येऊन, चष्मा कपाळावर सरकवून, जीभ टाळूला लावून, मी बसून राहिले... ते अक्षर माझ्याकडे बघत होतं, मागे बसलेल्या मुलांसारखं, आणि त्याला काय म्हणतात ते मला येत नव्हतं.